‘तारण’ आणि अधिकार : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘मोक्ष’ या शब्दापेक्षा ‘तारण’ हा शब्द अधिक रूढ झालेला आहे. व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. धर्मभाषेत मात्र तो ‘तारणे’ या क्रियापदाचा, बुडणाऱ्यास वाचवून पैलतीरी नेण्याचा, अर्थ घेऊन येतो. भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदरास जाणारा उतारू लाँच चालवीत नाही. तिच्यावर भरवसा ठेवून तो तिच्यात बसतो. केवळ श्रद्धेने तारण होते, या सिद्धान्तात माणसाचा वाटा एवढाच मानलेला आहे. तारण ही देवाची देणगी आहे, सत्कृत्यांची मजुरी नव्हे, हा विचार पौलाच्या पत्रांतून आला आणि सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो धर्मसुधारणेच्या केंद्रस्थानी आणला. ‘केवळ’ या शब्दावरून कॅथलिक व प्रॉटेस्टंट पंथांत जो वाद माजला, तो १९९९ च्या संयुक्त घोषणेने बराचसा निवळला.

कृपा आणि प्रयत्न यांचा हा पेच भारतीय परंपरेस अपरिचित नाही. श्रीवैष्णवांतील मार्जारन्याय व मर्कटन्याय यांचा वाद याच स्वरूपाचा आहे. मांजरीचे पिलू आईने तोंडात धरून नेले जाते. माकडाच्या पिलास आईला स्वतः बिलगावे लागते. वारकरी संतांनीही कर्मकांडापेक्षा भावास श्रेष्ठ मानले. त्यामुळे श्रद्धेचा महिमा मराठी मनास नवा होता असे म्हणता येणार नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) धारणा होती, ती याचमुळे. पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) वाट मात्र निराळी आहे. त्यांच्या ठायी हा प्रश्न भावाचा नसून अधिकाराचा होता.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत पुराणे सांगे, व्रते व दानधर्म करी. पुण्यसंचयाने देव प्रसन्न होईल या विश्वासावर होते नव्हते ते सारे खर्ची पडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळी उपासमारीत आईवडिलांचा अंत झाला. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्यास रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ हे सन्मान मिळाले. परंतु तेथेच धर्मशास्त्रांच्या वाचनातून, स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा अधिकार पुरुषासारखा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. शास्त्र मुखोद्गत असणाऱ्या स्त्रीलाच शास्त्र बाहेर ठेवीत होते. जनाबाईंची परंपरा त्यांच्या हाताशी नव्हती काय, असा प्रश्न येथे संभवतो. परंतु रमाबाईंचा वाद संतांशी नव्हता. ज्या ग्रंथप्रामाण्यात त्या वाढल्या होत्या त्याच्याशी होता. या दोहोंची गल्लत त्यांच्यावरील टीकेत व गौरवातही होत आली आहे.

सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे कथा संपावयास हवी होती. ती संपत नाही. वाँटेजच्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार (अ. भि. शहा यांनी तो संपादित केला व १९७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला) वाचला म्हणजे दिसते, की त्रैक्यासारख्या मतांवर त्या प्रश्नांमागून प्रश्न उभे करीत होत्या आणि चर्चच्या आज्ञेपुढे मान तुकविण्यास तयार नव्हत्या. १९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या नमूद करतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या पाद्र्याचे आत्मकथन वाचताना, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला पण ख्रिस्त स्वीकारला नाही, हे त्यांना उमगले. हॅस्लमही आधी धर्मोपदेशक झाला होता आणि परिवर्तन मागाहून घडले होते.

साध्या श्रद्धेचा सिद्धान्त येथे उलगडतो. ‘विश्वास’ या मराठी शब्दात दोन अर्थ मिसळलेले आहेत : एखादे विधान खरे मानणे आणि एखाद्यावर विसंबणे. पहिल्यासाठी बुद्धी लागते, आणि ती रमाबाईंजवळ विपुल होती. दुसऱ्यासाठी आपली पात्रता सिद्ध करण्याचा आग्रह सोडावा लागतो. आयुष्यभर ‘अधिकार नाही’ असे ऐकलेल्या आणि विद्येच्या बळावर तो मिळविलेल्या स्त्रीला हे सोडणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना त्या आठ वर्षांवरून करता येते. साधी श्रद्धा सोपी असते असे नाही. आणि ती मिळाल्यावर लाभलेली गोष्ट म्हणजे अधिकाराची सनद नव्हे. अधिकाराचा प्रश्नच तेथे निरर्थक ठरला.

श्रद्धेने तारण मिळते तर कर्माचे प्रयोजन काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. याकोबाच्या पत्रात तो बायबलमध्येच आलेला आहे. रमाबाईंपुरते त्याचे उत्तर केडगावात आहे. मुक्ती सदनात दुष्काळपीडित मुलींना आसरा, शिक्षण व उद्योग देण्याचे त्यांचे मोठे कार्य या अनुभवानंतरचे आहे. आईवडिलांचे दान पुण्य मिळविण्यासाठी होते. येथे मिळवावयाचे काही उरले नव्हते.

उत्तरायुष्यात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि बायबल मराठीत आणण्याच्या कामास त्यांनी वाहून घेतले. रूढ भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना दोन कारणांनी खटकत : अल्पशिक्षित बायांना ते कळत नसत, आणि त्या शब्दांबरोबर जुन्या कल्पनाही आत येत. ज्या संस्कृतने त्यांना पंडिता केले, तिलाच त्यांनी या कामात दूर ठेवले. मुक्ती सदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून त्याची छपाई झाली. रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, तो ग्रंथ पूर्ण स्वरूपात बाहेर आला.