एस.एल.व्ही.-३ : चार टप्प्यांचा अग्निबाण

दिवाळीत बाटलीत बाण उभा करून तुम्ही तो उडविला असेल. वात पेटते, बाणाच्या तळातून तप्त वायूंचा झोत खाली सुटतो आणि बाण उलट दिशेने, म्हणजे वर, झेपावतो. उपग्रह वाहून नेणारा अग्निबाणही याच तत्त्वावर चालतो. भेद आहे तो वेगाचा. दिवाळीचा बाण दारू संपताच खाली येतो. उपग्रहाने मात्र पृथ्वीभोवती फिरत राहिले पाहिजे आणि त्यासाठी त्याला दर सेकंदास सुमारे ८ किलोमीटर इतका आडवा वेग मिळावा लागतो. एवढ्या वेगाने निघालेली वस्तूही खाली पडतच असते. परंतु पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तितकाच खाली वळत जातो, म्हणून ती जमिनीला टेकत नाही.

भारतात तयार झालेल्या ज्या अग्निबाणाने उपग्रहाला प्रथम असा वेग दिला, त्याचे नाव एस.एल.व्ही.-३. त्याची उंची २२ मीटर व वजन १७ टन होते. एवढ्या अवाढव्य बाणाने न्यावयाचे ओझे किती? अवघे ४० किलोग्रॅम, म्हणजे तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाच्या वजनाएवढे! हा व्यवहार तोट्याचा वाटेल खरा. पण बाणाच्या वजनात मोठा वाटा इंधनाचाच असतो आणि त्यातील बरेचसे इंधन उरलेले इंधन उचलण्यातच खर्ची पडते. म्हणूनच हा बाण एकसंध न करता चार टप्पे एकावर एक ठेवून रचला होता. गड चढणाऱ्या वाटसरूने शिदोरी संपताच रिकामे डबे वाटेतच टाकावेत, त्याप्रमाणे एकेक टप्पा जळून रिकामा झाला की गळून पडे.

चारही टप्प्यांत घन इंधन होते. पहिल्याच टप्प्यात ते सुमारे ९ टन भरलेले असे. चौथ्यात तीनशे किलोग्रॅमसुद्धा नसे. खालच्या दोन टप्प्यांची नळकांडी पोलादाची, तर वरच्या दोन टप्प्यांची काचतंतूंपासून बनविलेली व हलकी होती. शेवटचा टप्पा भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरवून सोडीत, कारण फिरणारा भोवरा कलत नाही. या इंधनाच्या संशोधनात पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. साऱ्या प्रकल्पाचे नेतृत्व डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होते.

१० ऑगस्ट १९७९ रोजी सकाळी आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा येथून पहिला बाण उडाला. पहिला टप्पा उत्तम जळाला. दुसरा पेटला आणि बाण भरकटला. उड्डाणानंतर ३१७ सेकंदांनी तो बंगालच्या उपसागरात कोसळला. कित्येक वर्षांचे श्रम पाच मिनिटांत पाण्यात गेले.

असे का झाले, याचा शोध घेताना एक लहानशी झडप सापडली. दुसऱ्या टप्प्याला वळण देण्यासाठी नत्राम्लाचा उपयोग करीत. उड्डाणाच्या आठ मिनिटे आधी, धूलिकण अडकल्यामुळे, त्या अम्लाची एक झडप उघडीच राहिली आणि अम्ल गळून गेले. दुसऱ्या टप्प्याची पाळी आली तेव्हा बाणात बळ होते, पण त्याला ताळ्यावर ठेवणारा लगाम उरला नव्हता. एवढ्या प्रचंड यंत्राचा घात धुळीच्या कणाने केला!

त्या दिवशी वार्ताहरांसमोर संघटनेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः गेले व अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. कलाम ही आठवण पुढे अनेकदा सांगत.

१८ जुलै १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३ मिनिटांनी दुसरा बाण सुटला. या वेळी चारही टप्पे आपापल्या वेळी पेटले व गळाले आणि ३५ किलोग्रॅम वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. सोव्हिएत रशिया, अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन व ब्रिटन यांच्या पंक्तीला भारत जाऊन बसला. आता वार्ताहरांना सामोरे जाण्यास धवनांनी कलामांना सांगितले. स्वतः पुढे झाले नाहीत.

१९८१ सालच्या तिसऱ्या उड्डाणात उपग्रहाला पुरेशी उंची लाभली नाही व तो नऊ दिवसांतच खाली आला. १७ एप्रिल १९८३ चे चौथे उड्डाण मात्र सफल झाले. त्या उपग्रहावरील कॅमेऱ्याने अडीच हजारांहून अधिक छायाचित्रे पाठविली. त्यानंतर एस.एल.व्ही.-३ पुन्हा उडाला नाही, कारण याहून जड उपग्रह नेणारे बाण हवे होते. तरीही त्याचा पहिला टप्पा कामातून गेला नाही. १९८७ सालच्या ए.एस.एल.व्ही.च्या दोन्ही बगलांना तसाच एकेक टप्पा बांधलेला होता आणि पुढे १९९३ मध्ये पी.एस.एल.व्ही. प्रथम उडाला, तेव्हा त्याच्या तळाशी त्याच घडणीचे सहा बाण जोडलेले होते.