संगीतोपचार : शिक्षण आणि चरितार्थ

रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ सालापासूनचें आहे. त्याच शहरांत घरोघर पेटी वाजते, गणपतींत आरत्यांना खळ नसतो, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारीं मुलेंहि थोडीं नाहींत. तेव्हां संगीत हेंच उपचाराचें साधन करून त्यावर चरितार्थ चालेल काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीच्या मनांत आला तर नवल नव्हे. तिच्या वडिलांना त्याच वेळीं दुसरी चिंता पडते : ही पदवी घेऊन पुढें करावयाचें काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या उत्तराआधीं संगीतोपचार म्हणजे काय, हें नीट कळलें पाहिजे.

अमुक रागानें रक्तदाब उतरतो, तमुक रागानें झोंप येते, अशीं कोष्टकें हल्लीं फार प्रसृत झालीं आहेत. परंतु एकच राग सर्वांवर सारखाच परिणाम करतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. ज्या घरांत एखादें भैरवीचें पद कोणाच्या अंतकाळीं गाइलें गेलें, तेथील माणसास भैरवी ऐकून शांतीच लाभेल, हें कोणीं सांगावें? रागांच्या गोळ्या वाटणें म्हणजे संगीतोपचार नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेला शार्ङ्गदेव वैद्यकहि जाणत होता. त्यानें ‘संगीतरत्नाकरा’च्या पहिल्याच अध्यायांत गर्भ व शरीर यांचें वर्णन केलें आहे. गाण्याआधीं देह, हा त्याचा क्रम या विद्येच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

खरा उपचार कसा चालतो, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. अर्धांगाच्या झटक्यानें मेंदूच्या डाव्या भागास इजा पोंचली म्हणजे पुष्कळदां वाचा जाते. असा गृहस्थ साधें पाणी मागूं शकत नाहीं. पण देवापुढें आरती सुरू झाली कीं शब्दांसकट म्हणूं लागतो. घरच्यांना हा चमत्कार वाटतो. तो चमत्कार नव्हे. गातांना मेंदूचा उजवा भागहि कामास लागतो, आणि वर्षानुवर्षें घोळलेलीं पदें नव्यानें जुळवावयाच्या वाक्याहून वेगळ्या वाटेनें मुखावर येतात. बोस्टन येथील तज्ज्ञांनीं १९७३ सालीं या अनुभवावरून एक पद्धति मांडली. ‘पाणी द्या’ एवढेंच वाक्य उंच व नीच अशा दोन सुरांत घोळवावयाचें आणि रोग्याच्या डाव्या हातावर प्रत्येक अक्षरास टिचकी द्यावयाची. पुढें उपचारकानें आपला आवाज हळूहळू काढून घ्यावयाचा, मग सूरहि काढावयाचा, आणि शेवटीं साधें बोलणें उरावयाचें. सर्वांसच गुण येतो असें नाहीं, आणि आरती येते म्हणून संभाषणहि येईलच, असेंहि नाहीं. पण येथील मर्म पाहावें : गवई मैफल रंगविण्यास शिकतो, तर उपचारकास गाणें केव्हां थांबवावें हें शिकावें लागतें. कंपवाताच्या रोग्यास तालावर चालविण्यांतहि हेंच. ठेका आधीं रोग्याच्या स्वतःच्या पावलाशीं जुळवावयाचा, मग तो किंचित् चढवावयाचा. उपचारकाच्या हौसेची लय तेथें उपयोगाची नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत वादक जाऊं लागले, तेव्हां नुसतें वादन पुरत नाहीं हें ध्यानांत आलें. १९४४ सालीं मिशिगन येथें पदवीचा अभ्यासक्रम निघाला. १९४६ सालीं कॅन्ससनें शिकविण्यास आरंभ केला. आज तेथें संगीताबरोबर मानसशास्त्र व शरीरशास्त्र शिकावें लागतें, आणि देखरेखीखालीं १२०० तास प्रत्यक्ष काम करावें लागतें. ब्रिटनमध्यें नोंदणीवांचून ‘संगीतोपचारक’ हें बिरुद लावणें कायद्यानें वर्ज्य आहे.

आपल्याकडे तशी तटबंदी नाहीं. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठानें वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीनें संगीतोपचाराचें केंद्र काढलें, ही चांगली गोष्ट आहे. तथापि १९९२ च्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वास परिषद ज्यांची नोंदणी करते, त्यांत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आहेत, वाचातज्ज्ञ आहेत, संगीतोपचारक नाहींत. नुसत्या संगीतोपचाराच्या प्रमाणपत्रावर रुग्णालयांत कायमची जागा मिळेल, अशी आशा मुलीस दाखविणें म्हणूनच बरें नव्हे. नोंदणी होईल असें एक शिक्षण हातीं असावें आणि संगीतोपचाराची जोड त्यास द्यावी, हा मार्ग अधिक भरंवशाचा. मुंबईस वांद्रें येथें अली यावर जंग संस्थेंत वाचा व श्रवण यांचें पदवी शिक्षण मिळतें. मात्र त्यासाठीं बारावीस विज्ञान शाखा लागते. म्हणजे हा निर्णय गाण्याची विशारद परीक्षा होईपर्यंत थांबत नाहीं. तो दहावी होतांच घ्यावा लागतो. मानसशास्त्राच्या वाटेस तेवढी घाई नाहीं, पण ती वाट पदव्युत्तर शिक्षणापर्यंत चालावी लागते, आणि तितकीं वर्षें रियाजहि सुटतां कामा नये.

प्रवेश घेण्यापूर्वीं वडिलांनीं संस्थेचें माहितीपत्रक पाहून समाधान मानूं नये. प्रत्यक्ष रोग्यांबरोबर किती तास काम मिळतें, तें कोणत्या रुग्णालयांत, आणि त्या वेळीं शेजारीं बसून चुका दाखविणारा अनुभवी माणूस कोण, एवढें लेखी विचारावें.