मदरसा निवडताना

‘मदरसा’ म्हटले की आपल्यापुढे केवळ धर्मशिक्षण देणारी संस्था उभी राहते. इंडोनेशियात मात्र या शब्दाचा अर्थ बराच व्यापक आहे. तिथे प्राथमिकची सहा, त्यापुढची तीन आणि उच्च माध्यमिकची तीन, अशी बारा वर्षे मदरशात शिकता येते. शेवटच्या टप्प्याला ‘मदरसा आलिया’ म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांची मुले आणि त्यांचे पालक ही शाळा का निवडतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिले कारण अर्थातच घरचे धर्मसंस्कार. कुराण, हदीस, धर्मशास्त्र, अरबी यांच्या तिथे स्वतंत्र तासिका असतात. पण पुढच्या शिक्षणाचे काय, ही पालकांची काळजी असतेच. तिचे उत्तर १९७५ साली मिळाले. धर्म, शिक्षण आणि गृह या खात्यांच्या मंत्र्यांनी संयुक्त निर्णय काढला. मदरशात धर्मविषय किमान ३० टक्के, बाकीचे सामान्य विषय आणि प्रमाणपत्राला इतर शाळांइतकीच किंमत, असे ठरले. २००३ च्या शिक्षण कायद्याने ही बरोबरी पक्की केली. मदरशातून विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी झाली.

दुसरे कारण नावलौकिकाचे. १९९६ साली जकार्ताजवळ सेरपाँग येथे ‘इन्सान चेन्डेकिया’ ही निवासी शाळा सुरू झाली. तिच्यामागे विमान-अभियंते आणि तेव्हाचे तंत्रज्ञानमंत्री हबीबी यांची प्रेरणा होती. विज्ञान आणि धर्म एकत्र शिकवणाऱ्या या सरकारी मदरशात आज प्रवेशपरीक्षा देऊनच जावे लागते.

परंतु अशा शाळा थोड्या. बहुसंख्य मदरसे खासगी आहेत, स्थानिक संस्था ते चालवतात आणि अनेक ठिकाणी शिक्षकांना तुटपुंज्या मानधनावर राबावे लागते. गरीब घरातल्या मुलाच्या बाबतीत घरापासूनचे अंतर, फी आणि वसतिगृहाचा खर्च यांवरच निवड ठरते. तिथे आवडीनिवडीला फारसा वाव उरत नाही.

म्हणून मला वाटते, कायद्याने दिलेली बरोबरी हा अर्धाच प्रवास आहे. प्रमाणपत्र सारखे असले, तरी प्रयोगशाळा आणि शिकवणारा शिक्षक सारखा नसेल, तर त्या कागदाच्या भरवशावर मुलाने किती दूर जावे? श्रद्धेपोटी घेतलेल्या निर्णयाची किंमत मुलाच्या भवितव्याने चुकवावी लागू नये, एवढी काळजी शासनाने आणि समाजाने घ्यायला हवी.