वाटेतला देश

गोमंतकातून परदेशी जाणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आफ्रिका, आखात, लंडन, टोरांटो असा हा ओघ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. नवल वाटते ते याचे की, मुक्कामाच्या देशाचा व्हिसा हाती पडला म्हणजे सारी तजवीज झाली, असे आमची बहुतेक कुटुंबे अजूनही समजून चालतात. ज्या देशात केवळ विमान बदलायचे, तोही कागद मागू शकतो हे उमगते ते विमानतळाच्या खिडकीपाशी, आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. १९५४ नंतरच्या नाकेबंदीत परमिटापायी खेटे घातलेली पिढी अजून हयात आहे. तिला तरी कागदाचे मोल सांगायला नको.

खिडकीवरचा कारकून प्रवाशाला थांबवतो तेव्हा तो अडवणूक करतो, असा समज होतो. वस्तुतः अपुऱ्या कागदांनिशी प्रवासी आणून सोडला, तर ब्रिटनसारखी राष्ट्रे विमान कंपनीलाच दंड करतात. मग त्या बापड्याने शंकेचा फायदा प्रवाशाला द्यावा कशासाठी?

लंडनला नुसते विमान बदलायचे असले, तरी भारतीय पासपोर्टधारकाला सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंडचा चालू व्हिसा जवळ असेल तर काही अटींवर सूट मिळते. अमेरिकेचा खाक्या निराळाच. तेथे आतल्या आत विमान बदलण्याची सोयच नाही. न्यूयॉर्कमार्गे टोरांटोला जाणाऱ्यालाही अमेरिकी इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते, आणि तेथे नुसता कॅनडाचा व्हिसा कामाला येत नाही. बिनव्हिसा विमान बदलू देण्याची जुनी सवलत २००३ साली थांबवण्यात आली. युरोपातील शेंगेन राष्ट्रांचे ट्रान्झिटचे नियम देशागणिक वेगळे, शिवाय बदलते. पॅरिसला उतरून ॲम्स्टरडॅम व तेथून पुढे, असे तिकीट असेल तर मधले उड्डाण अंतर्गत मानले जाते. म्हणजे पॅरिसलाच त्या हद्दीत प्रवेश करावा लागतो, आणि त्यासाठी ट्रान्झिटचा नव्हे, प्रवेशाचा व्हिसा हवा.

स्वस्त पडतात म्हणून काढलेली दोन स्वतंत्र तिकिटे तर सर्वांत फसवी. सामान पुढे आपोआप जात नसेल, तर ते घेण्यासाठी बाहेर यावे लागते, आणि बाहेर येणे म्हणजे त्या देशात प्रवेश करणे. तिकीट काढतो टोरांटोचा मुलगा आणि प्रवास करते पेडण्याची आई. वाचलेल्या चार पैशांचा हिशेब परक्या विमानतळावर एकट्या बसलेल्या त्या माउलीने चुकता करायचा, हा कोठला न्याय?

आखाताकडे जाणाऱ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे. दहावी न झालेल्या कामगाराला कुवेत, ओमान यांसारख्या देशांत नोकरीस जाताना १९८३ च्या कायद्यानुसार सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. काही दलाल त्याला पर्यटक म्हणून दुबईला धाडतात आणि तेथून पुढे नोकरीच्या देशी उतरवतात. मंजुरी टळते खरी. पण तिच्याबरोबर नोंदलेला करार आणि विम्याचे संरक्षण हीही टळतात. पुढे पगार थकला, मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तर हा माणूस दाद मागायला जाणार कोणत्या कागदावर?

अनिवासी गोमंतकीयांसाठी राज्य सरकारने स्वतंत्र कार्यालय थाटले आहे. समारंभ आणि संमेलने यांतून सवड काढून त्याने वाटेतल्या देशांच्या नियमांचे एक पत्रक मराठीत व कोंकणीत छापावे, दर तीन महिन्यांनी ते सुधारावे आणि पणजीचे पासपोर्ट कार्यालय, दाबोळी व मोप येथील विमानतळ आणि प्रत्येक मामलेदार कचेरीत ते ठेवावे, अशी आमची मागणी आहे. दुबईमार्गे पुढे पाठवणाऱ्या दलालांची चौकशी मात्र पत्रकाची वाट न पाहता सुरू झाली पाहिजे.