कौटुंबिक हिंसाचार : मानसशास्त्र व उपचार

कौटुंबिक हिंसाचार : घरातील एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस मारहाण, धाकदपटशा, मानहानी, लैंगिक बळजबरी किंवा पैशाची कोंडी यांच्या योगे आपल्या कह्यात ठेवणे, यास कौटुंबिक हिंसाचार म्हणतात. वृद्ध, बालके व क्वचित पुरुषही त्याचे बळी ठरतात. तथापि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पतीकडून वा सासरच्या मंडळींकडून स्त्रीवर होणाऱ्या हिंसेचा विचार केला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सु. २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच पाहणीत सु. ४५ टक्के स्त्रियांना आणि जवळजवळ तितक्याच पुरुषांना, काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणे योग्य वाटत होते. या विषयाचे मानसशास्त्र समजून घेताना पहिल्या आकड्याइतकाच हा दुसरा आकडाही ध्यानात ठेवावा लागतो.

हिंसा करणारा पुरुष रागीट असतो व त्याचा तोल जातो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कचेरीतील वरिष्ठापुढे किंवा रस्त्यावरील पोलिसापुढे ज्याचा तोल जात नाही, त्याचा तो घराचे दार लागताच कसा जातो, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. मद्यपानाने हिंसेची वारंवारता व तीव्रता वाढते हे खरे. पण दारू सुटल्यावर मारहाण थांबली तरी धाक, संशय व पैशाची अडवणूक अनेकदा चालूच राहते. अमेरिकन अभ्यासक एव्हन स्टार्क यांनी या सर्व वर्तनाला ‘सक्तीचे नियंत्रण’ (२००७) असे नाव दिले. मार हे त्या नियंत्रणाचे एक साधन असून तो रोज द्यावा लागतोच असे नाही; एकदा दिलेला मार पुष्कळ दिवस काम करतो. आल्बर्ट बँडुरा यांच्या १९६१ मधील प्रयोगापासून असे दिसून आले, की आक्रमक वर्तन मूल पाहून शिकते. लहानपणी घरात हिंसा पाहिलेल्या मुलांत पुढे ती करण्याची वा सोसण्याची शक्यता वाढते. मात्र अशा घरांतील अनेक मुले पुढे हिंसा करीत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

‘ती घर सोडून का जात नाही?’ हा प्रश्न नातेवाईक, पोलीस आणि डॉक्टर सारख्याच सहजतेने विचारतात. लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९७९ मध्ये हिंसेच्या चक्राची कल्पना मांडली : ताण साचत जातो, मारहाण होते, मग क्षमायाचना व जवळीक येते आणि पुन्हा ताण साचू लागतो. सर्वच घरांत हे चक्र आढळत नाही; कित्येकींच्या वाट्याला क्षमायाचनेचा टप्पा कधी येतच नाही. जेथे तो येतो तेथे मात्र अधूनमधून मिळणाऱ्या मायेने बंध घट्ट होतो. अनियमित प्रबलनाने दृढ झालेले वर्तन सहजासहजी पुसले जात नाही, हा अध्ययनाचा जुना सिद्धांत येथेही लागू पडतो. वॉकर यांनी मार्टिन सेलिग्मन यांच्या ‘अर्जित असहायते’च्या कल्पनेचाही आधार घेतला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्याकडे या कल्पनेचा उपयोग फार जपून करावा लागतो. ज्या स्त्रीला माहेरी ‘चार दिवस राहा आणि परत जा’ असे सांगितले जाते, जिच्या नावावर घर नाही आणि जिची मुले सासरी आहेत, तिचे थांबणे हा पुष्कळदा परिस्थितीचा अचूक अंदाज असतो. घर सोडण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे व ते तिला पुस्तकावाचून ठाऊक असते.

हिंसेचे परिणाम जखमांपुरते मर्यादित नसतात. अवसाद, चिंता, निद्रानाश, आघातोत्तर तणाव विकृती आणि आत्महत्येचे विचार अशा स्त्रियांत अधिक आढळतात. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये दीर्घकालीन, सुटका नसलेल्या आघाताचे वेगळे लक्षणसमूह वर्णिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘जटिल आघातोत्तर तणाव विकृती’ला स्थान मिळाले. आपल्या रुग्णालयांत मात्र ही विकृती क्वचितच या नावाने येते. ती डोकेदुखी, कंबरदुखी, छातीत धडधड, अंगावर जाणे, अशक्तपणा या रूपांत येते आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जाते. ‘न्हाणीघरात पाय घसरला’, ‘चुकून औषध प्यायले’ या दोन वाक्यांत किती संसार दडलेले असतात, हे अपघात विभागात काम केलेल्यांना सांगावे लागत नाही.

नेमक्या याच ठिकाणी, म्हणजे रुग्णालयात, या प्रश्नाला हात घालण्याचा भारतातील पहिला प्रयोग मुंबईच्या वांद्रे उपनगरात झाला. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या के. बी. भाभा रुग्णालयात महापालिका व ‘सेहत’ ही संशोधनसंस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र स्थापन केले. क्वालालंपूर येथील रुग्णालयात १९९४ साली सुरू झालेले केंद्र त्यापुढे उदाहरणादाखल होते. पोलीस ठाण्याची पायरी चढणे हा स्त्रीच्या दृष्टीने घराशी उघड युद्ध पुकारण्याचा प्रकार असतो. रुग्णालयात मात्र ती ताप आला म्हणूनही जाऊ शकते. केसपेपर हातात असला की कोणी काही विचारीत नाही. डॉक्टर व परिचारिका यांना खुणा ओळखण्याचे व एकांतात प्रश्न विचारण्याचे शिक्षण देण्यात आले आणि समुपदेशनाची सोय त्याच इमारतीत ठेवण्यात आली. रात्री घरी परतणे धोक्याचे असेल, तर स्त्रीला निरीक्षणाखाली रुग्णालयातच ठेवून घेण्याचा मार्गही काढण्यात आला. पुढे केंद्राची जबाबदारी महापालिकेने स्वीकारली आणि कुर्ला व इतर उपनगरांतील रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली. तत्पूर्वी १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता.

उपचारात पहिले काम सुरक्षिततेचे असते. धोका किती आहे हे आधी अजमावतात : गळा दाबला होता का, शस्त्राचा धाक दाखविला का, गर्भारपणी मारले का, तिच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत का. यांपैकी गळा दाबणे हे पुढील खुनाचे विशेष गंभीर पूर्वचिन्ह समजले जाते. गळ्यावर वळ नसले तरी ते दुर्लक्षिता येत नाही. त्यानंतर सुरक्षिततेची योजना आखतात : कागदपत्रे व थोडे पैसे कोठे ठेवावेत, कोणत्या शेजारणीला सांगावे, मुलांनी काय करावे. समुपदेशक मारामागील ‘कारणा’चा न्यायनिवाडा करीत नाही, भाजीत मीठ जास्त पडले होते की नाही, हा प्रश्नच तेथे गैरलागू असतो. ‘यात तुमचा दोष नाही’ हे साधे वाक्य अनेकींनी प्रथमच ऐकलेले असते. धोका ओसरल्यावर आघातावर केंद्रित बोधात्मक-वर्तनोपचार उपयुक्त ठरतो. अवसाद तीव्र असल्यास औषधेही द्यावीत. परंतु हिंसा चालू असताना केवळ झोपेच्या गोळ्या देणे म्हणजे तिची सावधता काढून घेणे होय.

पतिपत्नींना एकत्र बसवून समेट घडविण्याची आपल्याकडील रीत येथे घातक ठरू शकते. नवऱ्यासमोर बोललेल्या प्रत्येक शब्दाची किंमत तिला घरी मोजावी लागते. संयुक्त बैठक घ्यायचीच, तर ती स्त्रीच्या इच्छेने व हिंसा थांबविण्याच्या अटीवर घ्यावी. कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अंमलात आला. त्याखालील नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास प्रतिवादीला मुभा नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क या कायद्याने दिला, ही मानसोपचाराच्या दृष्टीनेही मोठी गोष्ट आहे. डोक्यावरील छपराची शाश्वती नसलेल्या स्त्रीला धीर धरण्यास सांगणे पोकळ ठरते. फौजदारी कायद्यात १९८३ साली आलेल्या ४९८-अ या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे.

हिंसा करणाऱ्या पुरुषांच्या उपचाराबाबत यश मर्यादित आहे. अमेरिकेतील डुलूथ येथे १९८१ पासून विकसित झालेल्या कार्यक्रमात पुरुषांचे गट घेऊन सत्ता व नियंत्रण यांविषयीच्या त्यांच्या समजुती तपासल्या जातात; अशा कार्यक्रमांचा परिणाम अल्प असल्याचे पुढील परीक्षणांतून दिसले. नुसते राग आवरण्याचे शिक्षण दिल्यास मारहाण थांबून त्याची जागा अबोला, पाळत व पैशाची कोंडी घेऊ शकते. म्हणून सुधारणा झाली की नाही हे पुरुषाच्या सांगण्यावरून ठरवीत नाहीत. ते त्याच्या पत्नीला, स्वतंत्रपणे व तो जवळ नसताना, विचारतात.