'रन' म्हणजे नुसते धावणे नव्हे

दिवेलागणीला मुले इंग्रजीचा धडा घोकताना आपण ऐकतोच. 'रन म्हणजे धावणे, रन म्हणजे धावणे!' पाठ झाले की मूलही खूश आणि आपणही खूश.

पण समजा, घरात नवा पंप आला. सोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेले असते, 'डू नॉट रन ड्राय'. आपण पोराला हाक मारतो, 'वाच रे, काय म्हणतोय?' पोर सांगते, 'कोरडे धावू नका.' घरात हशा पिकतो आणि कागद कोनाड्यात जातो. खरा अर्थ मात्र असा, की पंपात पाणी नसताना तो चालवू नका. कोरडा चालला तर आतले भाग तापून खराब होतात आणि दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यालाच बसतो.

तेव्हा या शब्दाची थोडी ओळख करून घेऊ. 'रन' हा इंग्रजीतला फार जुना शब्द. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तो होता आणि तेव्हापासूनच त्याचे दोन अर्थ होते: माणसाने धावणे आणि पाण्याने वाहणे. जर्मन भाषेत त्याचाच भाऊबंद 'रिनेन' आहे, त्याचा अर्थ वाहणे. म्हणून इंग्रजीत नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, सर्दी झाली की नाकही 'रन' होते!

पुढे यंत्रे आली आणि मोटर 'रन' होऊ लागली. दुकान चालवणे हेही 'रन'. आपल्या 'चालणे'चे तसेच नाही का? बैल चालतो, घड्याळ चालते, दुकान चालते, कोर्टात खटलाही चालतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात या एका क्रियापदाचे 600 हून अधिक अर्थ नोंदले आहेत.

जोडीला दुसरा शब्द आला की अर्थ आणखी बदलतो. क्रिकेटमध्ये 'रन आउट' म्हणजे गडी बाद, पण डिझेल 'रन आउट' झाले म्हणजे संपले. महाबळेश्वरकडचे स्ट्रॉबेरीवाले शेतकरी 'रनर' म्हणतात ते वेलासारख्या पसरणाऱ्या फुटव्याला. त्याला मुळे फुटून नवे रोप तयार होते. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडमधला मात्र आपल्यासारखा उभाच राहतो!

म्हणून एक करा. मुलांना एका शब्दाला एकच अर्थ घोकू देऊ नका. वहीत शब्दाखाली तीन-चार छोटी वाक्ये लिहायला सांगा: मुलगा, पाणी, मोटर आणि दुकान. रूपेही तिथेच लिहावीत. आज 'रन', काल 'रॅन'.

आणि तो कोनाड्यातला कागद आज पुन्हा काढा. पोराला शेजारी बसवून दोघे मिळून वाचा. त्याचा अभ्यास होईल आणि आपला पंपही वाचेल.