मौनांतून आलेलें गाणें

ता. ८ जानेवारी २०१३ रोजीं डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाला ६६ वर्षें पूर्ण झालीं, आणि त्याच दिवशीं त्यानें साऱ्या जगाला चकविलें. विजेची गिटार आणि ढोल यांच्या गजरावर उभें असणारें जें ‘रॉक’ संगीत, त्यांतला हा जुनाजाणता पुरुष. २००४ सालीं दौऱ्यावर असतांना त्याच्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबली, आणि तेव्हांपासून त्यानें स्वतःचा नवा संग्रह काढला नव्हता. आतां हा गाणार नाहीं, असें लोक धरून चालले होते. त्या दिवशीं मात्र कसलीहि आगाऊ जाहिरात न होतां त्याचें नवें गाणें प्रसिद्ध झालें. मार्चमध्यें पुरा संग्रह आला. न्यूयॉर्कमध्यें सुमारें दोन वर्षें ध्वनिमुद्रण चाललें होतें, आणि वादकांकडून गुप्ततेचे करार लिहून घेतले होते! वेष्टनावर १९७७ च्या त्याच्याच एका गाजलेल्या तबकडीचें चित्र होतें, पण मधोमध पांढरा चौकोन चिकटवून तें झांकलेलें.

हें सारें वाचतांना मला आठवण होते ती कुमार गंधर्वांची. त्यांच्या वडिलांचें नांव सिद्धरामय्या. सोलापूरकरांच्या कानाला तें परकें वाटूं नये. ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आपल्याकडे संक्रांतीला भरते, त्यांचेंच तें नांव. मुलाचें नांव शिवपुत्र. जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगांवाजवळच्या सुळेभावीचा. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचें गाणें हा मुलगा हुबेहूब म्हणून दाखवी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला त्या कोवळ्या वयांतच मिळाली. पुढें मुंबईंत प्रो. बी. आर. देवधर यांच्यापाशीं रीतसर शिक्षण झालें. अशा रीतीनें तेविसाव्या वर्षींच हा गायक श्रोत्यांचा जुना परिचित होऊन बसला होता.

१९४७ सालीं भानुमतीबाईंशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्याच सुमारास क्षयानें गांठलें. कोरड्या हवेसाठीं १९४८ च्या आरंभीं दोघें माळव्यांत देवासला गेलीं. गाणें बंद, अशी डॉक्टरांची आज्ञा झाली. गवयाच्या बाबतींत ही आज्ञा म्हणजे काय, याचा विचार करावा. ख्यालगायनांत श्वास हेंच भांडवल असतें. विलंबित लयींत एकेक आवर्तन भरावयाचें, तान वरच्या षड्जापर्यंत नेऊन न तुटतां खालीं आणावयाची, हें सारें फुफ्फुसांच्या जोरावर चालतें. आणि यांचें एक फुफ्फुस कायमचें निकामी झालें. स्ट्रेप्टोमायसीन हें औषध अमेरिकेंत १९४३ सालीं सांपडलेलें. त्याच्या उपचारानें प्राण वांचले. संसाराचा भार भानुमतीबाईंनीं शिक्षिकेची नोकरी करून उचलला.

अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या कानांना मात्र बंदी नव्हती. माळव्यांतल्या बाया लग्नांत, सणावारीं, कामाच्या वेळीं गातात, तीं गाणीं ते ऐकत राहिले. त्यांतलीं कित्येक अवघ्या चार-पांच स्वरांचीं. ज्यानें लहानपणीं थोरांच्या तबकड्या पाठ केल्या, त्याच्या कानीं आतां ज्यांची तबकडीच कधीं निघाली नव्हती अशा बायांचें गाणें पडत होतें! त्या धुनांचें त्यांनीं स्वरलेखन केलें, आणि त्यांवरून त्यांचें मत बनलें कीं, राग हे मुळांत अशा धुनांतूनच उगवले. चार-पांच स्वरांचा तुकडा एका विशिष्ट वळणानें पुनःपुन्हां फिरतो. तें वळण ओळखून त्याचा विस्तार करीत गेलें, कीं रागाचें रूप दिसूं लागतें. मालवती, संजारी, लगनगंधार हे त्यांचे राग याच वाटेनें आले.

१९५३ सालीं ते पुन्हां गावयास बसले, तेव्हां वय अवघें २९. लोक परत आलेला ‘तो’ मुलगा ऐकावयास गेले असतील. ऐकूं आला तो निराळाच गायक. छोटे छोटे स्वरसमूह, मध्येंच शांतता, आणि अकस्मात् वर फेंकलेला टोंकदार स्वर. पुष्कळांनीं याचें कारण एका वाक्यांत सांगून टाकलें: फुफ्फुस एकच, म्हणून तुकडे. मला हें स्पष्टीकरण अपुरें वाटतें. श्वासाच्या मर्यादेनें तुकडा लहान होईल. पण तो कोठें संपवावा आणि पुढची शांतता किती वेळ धरावी, हें फुफ्फुस ठरवीत नाहीं. माळव्याच्या धुना ज्यानें लिहून काढल्या, त्याला आंखूड वाक्याची किंमत निराळी कळली असली पाहिजे.

बोवीचें गुपित कराराच्या कागदांनीं राखलें. येथें करारांची गरजच पडली नाहीं. देवासच्या आजाऱ्याकडून नवें कांहीं येईल अशी अपेक्षा करणारे फारसे कोणी नव्हतेच! त्या वर्षांची पुंजी पुढें कित्येक वर्षें पुरली: ‘गीतवर्षा’सारखे ऋतूंच्या गाण्यांचे कार्यक्रम झाले, १९६५ सालीं बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ निघाला. भानुमतीबाई मात्र १९६१ मध्येंच गेल्या होत्या. कुमारजी १२ जानेवारी १९९२ रोजीं देवासलाच निवर्तले.

त्यांच्या लगनगंधाराचें ध्वनिमुद्रण हाताशीं असल्यास आज रात्रीं दिवे मालवून ऐकावें, आणि ताना मोजण्याऐवजीं ते कोठें थांबतात तेवढेंच पाहावें.